एका नव्या पैशाचा खटला

१९६१ साली ‘सकाळ’चा रोजचा अंक ७ नव्या पैशांना मिळत असे आणि रविवारचा १२ नव्या पैशांना. आठवड्यातले पाच दिवस ६ पानं आणि एक दिवस ४ पानं, म्हणजे रविवार सोडून आठवड्याला ३४ पानं. रोजचा खप ५२ हजारांच्या घरात, रविवारी ५६ हजार. बुधवार पेठेतून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचा हा साधा हिशोब आपल्याला आज माहीत आहे, कारण तो थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदला गेला आहे. देशाच्या घटनेचा अर्थ लावताना पाच न्यायमूर्तींना पुण्यातल्या एका अंकाची पानं मोजावी लागली, आणि त्या मोजणीतून जे निघालं त्याच्या आधाराने आज तुमचं-माझं मत उभं आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो आणि अजूनही तितकाच थक्क होतो.

झालं असं होतं. केंद्र सरकारने १९५६ मध्ये वृत्तपत्रांच्या किमती आणि पानं यांचा कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. अमुक किंमत घ्याल तर आठवड्याला जास्तीत जास्त अमुक पानं, जास्त पानं द्यायची असतील तर किंमत वाढवा, असं त्याचं सूत्र. जाहिरातींना किती जागा द्यायची हे ठरवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारकडे घेतला होता, आणि पुरवण्यांवरही बंधनं होती. ‘सकाळ’ला हे सूत्र लावलं की उत्तर असं येई: ३४ पानं चालू ठेवायची तर किंमत ७ वरून ८ नवे पैसे करा, आणि किंमत ७च ठेवायची तर पानं ३४ वरून २४ वर आणा.

भांडण एका नव्या पैशाचं होतं. रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नवे पैसे झाले त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. रविवार सोडून वर्षभर रोज एक नवा पैसा जास्त म्हणजे वर्षाला तीन रुपयांच्या आसपास. एवढ्यासाठी कोणी दिल्लीला जातं का?

पण हा पैसा पुढे कुठे जातो ते पाहा. अंकातली सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींची होती. ३४ पानांमधली २० पानं बातम्या आणि मतं, बाकीची जाहिराती. पानं २४ झाली आणि प्रमाण तेच राहिलं, तर बातम्या-मतांना १४ पानं उरतात. मजकूर वाचवायचा म्हणून जाहिराती कमी कराव्यात तर उत्पन्न घटतं, आणि उत्पन्न घटलं की किंमत वाढवावी लागते. किंमत वाढली की काही घरांतला अंक बंद होतो, काही घरं शेजाऱ्याबरोबर निम्म्याने घ्यायला लागतात. खप घटला की जाहिरातदार मागे सरतो. म्हणजे सरकारने एकाही वाक्यावर काट न मारता, एकाही संपादकाला अटक न करता, कुठलं मत किती माणसांपर्यंत पोचेल याचा नळ हातात घेतला होता. सेन्सॉर निदान कात्री घेऊन समोर येतो. इथे मात्र नुसतं कोष्टक होतं, आणि कोष्टक कोणाला टोचत नाही.

सरकारचा हेतू वाईट नव्हता, हे इथे सांगायलाच हवं. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पहिला प्रेस कमिशन नेमला गेला आणि १९५४ मध्ये त्याने अहवाल दिला. बड्या भांडवलाची वृत्तपत्रं थोड्या पैशांत भरमसाट पानं देतात, तोटा दुसऱ्या धंद्यातून भरून काढतात आणि छोट्या, देशी भाषांमधल्या पत्रांचा गळा आवळतात, ही त्याची चिंता होती. किंमत आणि पानं यांची सांगड घातली तर लहानांना जगता येईल, असा तो विचार. चिंता खरी होती. आणि तरीही त्या कायद्याविरुद्ध उभं राहिलं ते एक देशी भाषेतलं, कुठल्याही पक्षाशी न बांधलेलं, जिल्ह्याजिल्ह्यांत वाचलं जाणारं पत्र. ज्यांच्या भल्यासाठी कायदा केला त्यांच्यातलंच एक पत्र म्हणत होतं की हा आधार आमच्या मानेवर बसतो आहे.

ना. भि. परुळेकर, म्हणजे पुण्याचे नानासाहेब, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी ‘सकाळ’ सुरू केला. त्या काळचं मराठी वृत्तपत्र म्हणजे मुख्यतः अग्रलेख. संपादक बोलणार आणि वाचक ऐकणार. परुळेकरांनी बातमीला महत्त्व दिलं, गावोगाव बातमीदार नेमले, बाजारभावापासून नगरपालिकेपर्यंत रोजचं जगणं पानावर आणलं.

रोजचं जगणं पानावर आलं की त्याच्यामागून मत येतंच. त्या काळच्या पुण्यातल्या दैनिकांमधली वाचकांची पत्रं कोणी सलग वाचावीत. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, अमुक मार्गावर पीएमटीची बस वेळेवर येत नाही, रेशनच्या दुकानात ज्वारी खराब मिळते. आणि त्याच रकान्यात, त्याच ठाम सुरात, पंतप्रधानांनी गोव्याबाबत काय करायला हवं, भाषावार प्रांतरचनेत कोणाचं चुकलं, अर्थसंकल्पात मध्यमवर्गाला काय मिळालं. पत्र लिहिणारा कोणी निवृत्त कारकून असतो, कोणी शिक्षिका, कोणी दुकानदार. नळ आणि दिल्ली यांच्यामध्ये त्याला भिंत दिसत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. राष्ट्रीय राजकारणावर बोलण्याचा परवाना त्याला कोणी दिलेला नसतो आणि त्याने मागितलेलाही नसतो. आपल्या घरापासून निघून तो सरळ संसदेपर्यंत जातो, कारण ज्वारीचा भाव तिथूनच आलेला असतो.

आता खटल्याचा सगळ्यात विलक्षण भाग. या आदेशाविरुद्ध एकटी वृत्तपत्राची कंपनी न्यायालयात गेली नव्हती. परुळेकर पतिपत्नी भागधारक म्हणून अर्जदार होते. आणि त्यांच्याखेरीज दोन स्वतंत्र रिट अर्ज होते, ‘सकाळ’च्या दोन वाचकांचे. अंक छापणारे नव्हेत, विकणारे नव्हेत, वाचणारे! त्यांचंही म्हणणं तेच, की हा कायदा आणि हा आदेश घटनाबाह्य आहे.

कलम १९ मधलं भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य हे ‘नागरिकां’चं आहे. कंपनी नागरिक ठरते का, हा तेव्हा वादाचा मुद्दा होता. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की नाही, कंपनी नागरिक नव्हे. म्हणजे या हक्काला हाडामांसाचा माणूस लागतो. आणि तो माणूस थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो, कारण कलम ३२ ने ते दार प्रत्येकासाठी उघडं ठेवलं आहे. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत या कलमाला घटनेचा आत्मा म्हटलं होतं. सकाळी चहाबरोबर अंक उघडणारा माणूस मधली सगळी न्यायालयं ओलांडून जातो आणि भारत सरकारला विचारतो, की माझ्या हातातली दहा पानं तुम्ही कोणत्या अधिकाराने काढून घेता? जगातल्या फार थोड्या राज्यघटनांनी सामान्य माणसाला इतका जवळचा रस्ता दिला असेल.

सामान्य माणसाच्या मताला वजन कुठून येतं, हा प्रश्न पुण्याला नवा नव्हता. नव्वद वर्षं आधी पुण्याने त्याचं एक अफलातून उत्तर शोधलं होतं. पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या, आणि त्या मांडायच्या तर ‘तुम्ही कोण? कोणाच्या वतीने बोलता?’ हा सवाल समोर येणारच. तेव्हा गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन केली आणि नियम केला, की सभासद व्हायचं तर निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणा. सुरुवातीला ९५ सभासद झाले आणि त्यांच्यामागे सहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्या होत्या. देशात निवडणुका नाहीत, मतदारयादी नाही, राज्य राणीचं. आणि पुण्यात माणसं घरोघर जाऊन ‘माझ्या वतीने बोल’ अशी लेखी संमती गोळा करताहेत! जोशींना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले ते उगाच नव्हे. १८७७ च्या दिल्ली दरबारात हे काका जाडीभरडी खादी नेसून गेले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला उभा राहिला तेव्हा वकीलपत्र घ्यायला हेच पुढे आले.

त्या पन्नासांत कोण होतं, हेही विचारलं पाहिजे, आणि त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी ते विचारलं. सभेवर ब्राह्मणांचा वरचष्मा होता. शेतकरी, शूद्रातिशूद्र यांच्या वतीने ती बोलते हा दावा फुल्यांना मान्य नव्हता. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि जडजवाहीर घालून बसलेल्या पाहुण्यांवरून हा देश ओळखू नका, असं त्यांनी राजपुत्राला ऐकवलं. मुखत्यारपत्र आणि तो शेतकरी वेष, हे दोन्ही एकाच शहराने एकाच प्रश्नाला दिलेले जबाब आहेत. दुसरा मला जास्त भेदक वाटतो.

सभेच्या मताचं वजन सरकारला कळलं होतं हे नक्की. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखाली सभेची माणसं खेड्यापाड्यांत गेली आणि पीक बुडालं तर शेतसाऱ्यात सूट मिळण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत आहे, हे शेतकऱ्यांना समजावून सांगू लागली. सरकारचाच कायदा, तो फक्त रयतेला वाचून दाखवला. १८९७ मध्ये मुंबई सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा तिचा हक्क यापुढे मानणार नाही, असं कळवलं. बोलण्यावर बंदी घातली नाही. ऐकणं बंद केलं.

मत म्हणजे नुसतं तोंड नव्हे. ते ज्यांच्यापर्यंत पोचतं ते कानही त्याचेच भाग आहेत. १८९७ मध्ये हे सरकारला समजलं होतं, १९६१ मध्ये ते न्यायालयाने नागरिकाच्या बाजूने मांडलं.

निकाल २५ सप्टेंबर १९६१ चा. पुण्यासाठी ते वर्ष विसरण्यासारखं नाही. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. कोण वाचलं, कुठे धान्य मिळतंय, कोणता पूल चालू आहे, घरभाड्याचं काय, सरकारने धरणाबद्दल काय लपवलं, हे सगळं त्या शहराला छापलेल्या अक्षरांत हवं होतं. किती पानं पुरली असती? त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात हा खटला दिल्लीत न्यायालयासमोर होता, आणि पानं मोजून देण्याची कल्पना किती परकी आहे हे पुण्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या शहराला दिसलं नसेल.

सरकारचा युक्तिवाद वरवर भक्कम होता. वृत्तपत्र हा धंदाही आहे, आणि धंद्यावर सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, असं घटनाच सांगते. आम्ही फक्त धंद्यातली गैरस्पर्धा रोखतो आहोत, मजकुराला हात लावत नाही.

पाच जणांच्या पीठाने एकमताने हे नाकारलं. निकालपत्र न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकरांनी लिहिलं. त्यातली विचाराची साखळी इतकी स्वच्छ आहे की कायदा न शिकलेल्यालाही ती धरून चालता येते. घटनेत हे दोन हक्क वेगळे आहेत. धंद्याच्या हक्कावर ‘जनतेचं हित’ या कारणाने मर्यादा घालता येते. पण भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी मर्यादा घालता येतील याची यादी कलम १९(२) मध्ये नावानिशी दिली आहे: राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. देशाची सार्वभौमता आणि अखंडता ही त्या यादीत १९६३ मध्ये घातली गेली. ‘जनतेचं हित’ हे शब्द त्या यादीत नाहीत. घटनाकारांनी ते धंद्यासाठी लिहिले आणि भाषणासाठी लिहिले नाहीत. मग धंद्याचं नाव पुढे करून भाषणावर हात टाकता येणार नाही. हेतू कितीही चांगला असो, एकाचं स्वातंत्र्य वाढावं म्हणून दुसऱ्याचं कापता येणार नाही.

दुसरी कडी पानांची आणि खपाची. मत मांडण्याच्या स्वातंत्र्यात ते किती विस्ताराने मांडायचं आणि किती लोकांपर्यंत न्यायचं, हे दोन्ही येतं. पानं कमी करणं हा पहिल्यावर घाव आणि किंमत वाढवायला लावणं हा दुसऱ्यावर. जाहिरातीवरचं बंधनही शेवटी तिथेच पोचतं. कायद्याचं तिसरं कलम, जे त्याचा कणा होतं, ते आणि १९६० चा आदेश दोन्ही रद्द झाले.

मला या निकालाबद्दल आदर आहे, पण एक टोचणी राहते आणि ती लपवावीशी वाटत नाही. राजाध्यक्ष कमिशनची चिंता त्या दिवशी संपली नाही. ज्याच्याकडे पैसा त्याचं मत मोठं, हे १९६१ मध्ये खरं होतं आणि आज त्याहून जास्त खरं आहे. १९७२ मध्ये बेनेट कोलमन या वृत्तपत्र कंपनीच्या खटल्यात कागदटंचाईच्या नावाखाली घातलेली दहा पानांची मर्यादा न्यायालयाने ‘सकाळ’च्याच आधारे उडवली, तेव्हा न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी वेगळा निकाल लिहून नेमका हा प्रश्न पुढे आणला: ज्याच्याकडे छापखाना नाही त्याच्या मताचं काय? त्याला पुरेसं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण ते शोधताना सरकारच्या हातात कोष्टक देणं हा मार्ग नव्हे, एवढं पुण्याच्या या खटल्याने पक्कं केलं. आणीबाणीत तर कलम १९ च निलंबित होतं, त्यामुळे निकालपत्रं कपाटात आणि मजकूर सेन्सॉरकडे अशी स्थिती आली. घटनेतला हक्क किती नाजूक असतो, हे तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात गेलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी भोगलं.

आणि मग छापखाना प्रत्येकाच्या खिशात आला.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारणारा मजकूर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं, ज्यात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ असं काही पाठवणं हाही गुन्हा होता. श्रेया सिंघल या तरुण विद्यार्थिनीने त्या कलमाला आव्हान दिलं. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ पूर्णपणे रद्द केलं. न्यायमूर्ती रोहिंटन नरीमन यांचं निकालपत्र उघडा. इंटरनेट हे वेगळं माध्यम आहे, तिथे निर्बंधही जास्त हवेत, असं सरकार म्हणत होतं. न्यायालयाने कलम १९(२) ची तीच यादी समोर ठेवली आणि ‘जनतेचं हित’ या कारणाने भाषण कापता येत नाही हे सांगताना दाखला दिला तो ‘सकाळ’ पेपर्सच्या खटल्याचा. शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेल्या अंकाची पानं मोजताना तयार झालेला नियम मोबाइलवरच्या दोन ओळींना येऊन लागू पडला. मधे चौपन्न वर्षं, आणि नियमाला एक ओरखडाही नाही. मी कायद्याचा माणूस नाही, पण एखाद्या विचाराचं असं टिकून राहणं मला एखाद्या प्राचीन लेण्याइतकं अचंबित करतं.

निकालानंतरही अनेक पोलीस ठाण्यांत ६६अ खाली गुन्हे नोंदवले जात राहिले, कारण कायद्याच्या पुस्तकांत ते कलम छापलेलं होतं आणि रद्द झाल्याची टीप असली तरी तळाशी. २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा न्यायालय हादरलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने आदेश दिला: या कलमाखाली कोणावरही खटला चालवायचा नाही, चालू असलेल्या प्रकरणांतून ते काढून टाकायचं, राज्यांच्या पोलीसप्रमुखांनी आपल्या दलाला तसं कळवायचं. आणि या कायद्याचं कोणतंही पुस्तक, सरकारी असो की खाजगी, ६६अ छापणार असेल, तर हे कलम घटनाबाह्य ठरलं आहे हे वाचकाला नीट दिसेल असं सांगायचं.